पांदणीत जीप आणणारे के.सी. महिंद्रा

बीड : महिंद्रा हे नाव आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ते आहे, बाजारात कांदा-टरबूज घेऊन जाणाऱ्या पिकअपच्या फाळक्यावर आहे, आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तालुक्याच्या फाट्यावर उभ्या राहणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपवर तर होतंच. पण हे दोन सख्ख्या भावांचं आडनाव आहे हे किती जणांना ठाऊक असेल? थोरले जे.सी., म्हणजे जगदीशचंद्र. धाकटे के.सी., म्हणजे कैलासचंद्र. यातल्या धाकट्या भावानं अमेरिकेच्या लढाईतली एक ओबडधोबड गाडी पाहिली आणि ही आपल्याकडच्या बिनरस्त्याच्या मुलखाला चालेल असं ओळखलं. त्याचीच ही हकिकत.

कैलासचंद्रांचा जन्म १८९४ सालचा, पंजाबातल्या लुधियान्याचा. खटलं मोठं होतं आणि वडील लवकर गेले. जगदीशचंद्र दोनच वर्षांनी मोठे, पण घराचा भार त्यांच्यावर आला. ते शिकले मुंबईत, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, ज्याला आज सगळे व्हीजेटीआय म्हणतात. धाकट्या भावंडांनी शिकलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट होता. त्या हट्टापायी कैलासचंद्र लाहोरच्या सरकारी कॉलेजात गेले आणि तिथून थेट इंग्लंडला, केंब्रिजला. घरात बाप नाही आणि पोरगं केंब्रिजला, हे त्या काळी किती अवघड असेल याचा अंदाज आपल्या भागात धाकट्याला पुण्याला शिकायला ठेवून स्वतः रानात राबणाऱ्या थोरल्या भावाला बरोबर येईल.

परत आल्यावर के.सी. कोलकात्याला मार्टिन कंपनीत लागले. सर राजेंद्रनाथ मुखर्जींची ही कंपनी. बंगाल-बिहारात छोट्या रुळांच्या गाड्या तिनं चालवल्या, मोठमोठ्या इमारती बांधल्या. मुखर्जी हे स्वतःच्या हिमतीवर वर आलेले इंजिनिअर आणि के.सी. त्यांना फार मानत. पुढं १९३३ साली त्यांनी मुखर्जींचं चरित्रच इंग्रजीत लिहिलं. म्हणजे मुळात हा माणूस लिहिण्या-वाचण्यातला, कागदावरचा. हातात पाना घेऊन गाडीखाली झोपणारा नव्हे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण महिंद्रांनी जीप शोधली असं आपल्याकडं सर्रास बोललं जातं. ते खरं नाही. जीप दुसऱ्यांनी बनवली. के.सीं.चं काम वेगळं होतं आणि माझ्या मते ते काही कमी नव्हतं.

दुसरं महायुद्ध लागलं. जे.सी. तोवर टाटांच्या पोलाद कंपनीत विक्रीची मोठी जबाबदारी सांभाळून झाले होते, त्यांना सरकारनं पोलादाचं नियंत्रक केलं. के.सीं.ना सरकारनं अमेरिकेला पाठवलं. हिंदुस्थानसाठी लागणारा माल अमेरिकेतून मिळवायचा, त्यासाठी वॉशिंग्टनला जी कचेरी होती तिचे ते प्रमुख झाले. यंत्रं, पोलाद, गाड्या, सुटे भाग असा सगळा व्यवहार त्यांच्या नजरेखालून जायला लागला. तिथंच त्यांची गाठ बार्नी रूस या इंजिनिअरशी पडली. रूस हे विलिस ओव्हरलँड या मोटार कंपनीचे मुख्य इंजिनिअर. कंपनीच्या इतिहासात जीपची सुरुवात याच भेटीपासून सांगतात.

आता ही जीप कशी जन्माला आली ते थोडं तपशिलात सांगायला पाहिजे, त्याशिवाय के.सीं.नी त्यात काय पाहिलं ते कळणार नाही.

१९४० च्या जुलैत अमेरिकन लष्करानं १३५ कंपन्यांना पत्रं पाठवली. हलकी गाडी पाहिजे, चारही चाकांना ताकद पाहिजे, तीन माणसं आणि बंदूक वाहिली पाहिजे, आणि गाडीचं वजन ५९० किलोच्या आत पाहिजे. नमुना ४९ दिवसांत आणून द्यायचा. एवढ्या वजनात एवढी गाडी होतच नाही हे कुठल्याही मिस्त्रीला कळेल. बहुतेक कंपन्यांनी पत्र बाजूला ठेवलं. बँटम नावाची एक बुडायला टेकलेली छोटी कंपनी तेवढी जिद्दीनं पुढं आली. तिच्याकडं इंजिनिअरसुद्धा उरले नव्हते. तिनं डेट्रॉइटहून कार्ल प्रॉब्स्ट यांना बोलावलं. ते १७ जुलैला कारखान्यात आले आणि दोन दिवसांत सगळी गाडी कागदावर मांडली. २३ सप्टेंबरला, मुदत संपायला अर्धा तास राहिला असताना, नमुन्याची गाडी लष्कराच्या तळावर जाऊन उभी राहिली. वजन मर्यादेपेक्षा बरंच जास्त होतं. पण लष्करानं गाडी चढावर घातली, चिखलात घातली, आणि वजनाचा आग्रह सोडून दिला.

मग विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्याही उतरल्या. विलिसच्या गाडीचं इंजिन जुन्या मोटारीतलं होतं, ४८ हॉर्सपॉवरचं. रूस यांनी त्याचा एकेक भाग सुधारत ते ६० हॉर्सपॉवरवर नेलं. बाकी दोघांच्या इंजिनात तेवढा जोर नव्हता. पण विलिसची गाडी जड झाली होती, आणि लष्करानं आता नवी मर्यादा घातली होती, ९८० किलोची. जोरकस इंजिन काढून हलकं घालायचं की इंजिन ठेवून बाकी गाडी हलकी करायची, हा पेच होता. रूस यांनी इंजिन ठेवलं. गाडी पूर्ण उकलली. बोल्टचं जादा टोक कापलं, जिथं पातळ पत्रा चालेल तिथं पातळ घातला, शेवटी रंगाचा दुसरा हातसुद्धा दिला नाही कारण त्यानं वजन मर्यादेबाहेर गेलं असतं. गाडी कशी तयार करतात हे शिकायचं असेल तर एवढा एक प्रसंग पुरेसा आहे.

गाडीत होतं काय? पुढच्या-मागच्या चाकातलं अंतर फक्त ८० इंच, म्हणजे बांधावरून उतरताना पोट टेकत नाही. पुढं आणि मागं दोन्हीकडं सरळ भक्कम एक्सल, त्यावर पाट्यांची कमान, अगदी आपल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला असतात तसे पाटे. गिअरबॉक्सच्या मागं आणखी एक छोटी गिअरपेटी. तिचं एक हँडल ओढलं की पुढच्या चाकांनाही ताकद जाते. दुसरं हँडल टाकलं की गाडीचा वेग निम्म्यावर येतो आणि ओढ जवळजवळ दुप्पट होते. काळ्या रानात मागचं चाक रुतलं की ते जागच्या जागी फिरतं आणि आणखी खोल जातं, हे आपल्याला माहीत आहे. अशा वेळी पुढची दोन चाकं ओढायला लागली तर गाडी निघते. एवढंच तिचं तंत्र. दार नाही, काच खाली पाडता येते, कुठलाही भाग दोन-चार पान्यांनी निघतो.

युद्धात अशा सुमारे साडेसहा लाख गाड्या बनल्या. इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात इंग्रजांच्या छापामार तुकड्यांनी या गाड्यांना स्वतःच्या हातांनी बदललं. रेडिएटरमधली वाफ वाया जाऊ नये म्हणून पुढं पाण्याचा डबा जोडला, नळीनं वाफ त्यात आणून परत पाणी केलं. पुढची जाळी कापून वारा जास्त आत घेतला. पेट्रोलचे कॅन बांधले, मशिनगन बसवल्या. १९४२ च्या जुलैत अशा १८ जीप रात्री सिदी हनीशच्या विमानतळावर घुसल्या आणि उभ्या विमानांच्या रांगांवर गोळ्या झाडत आरपार गेल्या. वाळवंटातली गाडी कशी असावी, हे जगाला बऱ्याच अंशी तिथं कळलं.

के.सीं.नी पाहिलं ते हे. पण त्यांच्या डोळ्यापुढं लढाई नव्हती, आपला देश होता. त्या वेळचा हिंदुस्थान म्हणजे काय? शहरं सोडली की डांबर संपलं. पावसाळ्यात चार महिने गावाचा तालुक्याशी संबंध तुटलेला. आपलंच घ्या. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात. धारूरचा घाट, पाटोदा-आष्टीचं बालाघाटाचं पठार, गेवराई-माजलगावकडची गोदाकाठची चिकट काळी जमीन. एकीकडं दगड, दुसरीकडं चिखल, मधे नद्या-ओढे, त्यावर पूल नाही. लांब, खाली टेकलेल्या विलायती मोटारी इथं काय कामाच्या? इथं बैलगाडी चालायची, कारण तिची चाकं उंच आणि आख भक्कम. जीपची ठेवण मोटारीपेक्षा बैलगाडीच्या जवळची आहे असं मला नेहमी वाटत आलंय.

इकडं मुंबईत २ ऑक्टोबर १९४५ ला जे.सीं.नी पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली होती. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद, म्हणून नाव महिंद्रा अँड मोहम्मद. के.सी. अमेरिकेहून येऊन तिला मिळाले. त्याच सुमारास सरकारनं त्यांना देशातल्या कोळसा खाणींच्या चौकशी समितीचं अध्यक्षही केलं होतं, तिचा अहवाल १९४६ चा आहे. मग फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढं १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल. लुधियान्याचे महिंद्रा मुंबईत राहिले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव बदलून महिंद्रा अँड महिंद्रा झालं. इंग्रजीतली दोन्ही अक्षरं तीच राहिली.

जीप आली ती याच धामधुमीत. चाळीसच्या दशकाच्या शेवटी विलिस कंपनीच्या जीप सुट्या भागांच्या पेट्यांतून मुंबई बंदरात उतरायला लागल्या. माझगावला जागा घेतली आणि तिथं पेट्या फोडून गाड्या जोडायला सुरुवात झाली. पहिला लॉट ७५ गाड्यांचा. त्या वेळी यात फार मोठा शोध नव्हता. चॅसी ठेवायची, एक्सल बसवायचे, इंजिन उतरवायचं, वायरिंग करायचं. गाडी अमेरिकेची, जोडणारे हात आपले.

१९५१ मध्ये जे.सी. वारले. भावावर सावली धरणारा माणूस गेला आणि कंपनीचं अध्यक्षपद के.सीं.कडं आलं. त्यांच्या आयुष्यातला खरा निर्णय इथून पुढचा आहे.

मुंबईत त्या वेळी जनरल मोटर्स आणि फोर्ड या अमेरिकन राक्षसी कंपन्याही पेट्या फोडून गाड्या जोडत होत्या. महिंद्रांपेक्षा कितीतरी आधीपासून. १९५३ च्या सुमारास सरकारनं सांगितलं की नुसतं जोडणं चालणार नाही, हळूहळू भाग इथंच बनवायचे असतील तर राहा, नाहीतर जा. बाजार छोटा आहे, परवडत नाही, असा हिशोब करून त्या दोन्ही कंपन्यांनी गाशा गुंडाळला. त्यांचा हिशोब चुकीचा होता असं म्हणता येणार नाही. वर्षाला मोजक्या गाड्या खपणार आणि त्यासाठी ओतकाम, गिअर कापायची यंत्रं, प्रेस, सगळं उभं करायचं. पण के.सी. थांबले. १९५४ मध्ये विलिसशी करार झाला, टप्प्याटप्प्यानं जीप इथंच बनवायची. दरवर्षी परदेशी पेटीतला एखादा भाग कमी व्हायचा आणि त्या जागी इथला यायचा. १९५६ मध्ये कंपनीचे शेअर मुंबईच्या बाजारात आले.

भाग इथं बनवणं म्हणजे नुसता नकाशा बघून साचा काढणं नव्हे. पोलाद तेच मिळत नाही, पाट्याला पाणी द्यायची पद्धत वेगळी, एक गिअर मऊ राहिला तर हजार किलोमीटरवर दाते खातो. शेतीच्या अवजारांची दुकानं चालवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. उगाच नाही आपण नांगराचा फाळ विकत घेताना कुणाच्या भट्टीतला म्हणून विचारतो.

या गाड्या घेतल्या कुणी? शेतकऱ्यानं नाही. हे स्पष्ट लिहायला पाहिजे. पैसा होता लष्कराकडं आणि सरकारकडं. २ ऑक्टोबर १९५२ ला देशात सामुदायिक विकास योजना सुरू झाली, गटविकास अधिकारी आले आणि त्यांच्याबरोबर जीप आली. गावात जीप आली म्हणजे साहेब आला, हे समीकरण तेव्हाचं. कुणी त्या धुरळ्यामागं पळत गेलं, कुणी सारावसुली असेल म्हणून घरात दडलं. देवीची लस, निवडणुकीच्या पेट्या, तगाईची कागदं, सगळं जीपमधून. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर हजेरी तपासायला येणारे याच गाडीतून यायचे. के.सीं.नी गावासाठी गाडी आणली खरी, पण गावकरी तिच्यात बसला फार नंतर, सरकारी जीप लिलावात निघाल्या तेव्हा. मग त्याच गाडीत मागं फळ्या टाकून पंधरा-पंधरा माणसं बसली. आमच्याकडं कित्येक बाळंतिणी रात्री-अपरात्री अशाच जीपमधून सरकारी दवाखान्यात पोचल्या आहेत. दिवसातून एकदा येणारी इष्टी चुकली की दुसरं होतं काय?

के.सीं.चं आणखी एक काम कमी बोललं जातं. १९५३ मध्ये त्यांनी शिक्षणासाठी ट्रस्ट काढला, जो आजही त्यांच्याच नावानं चालतो. परदेशी उच्च शिक्षणाला जाणाऱ्या मुलांना बिनव्याजी कर्जाऊ शिष्यवृत्ती त्यातून मिळत आली. थोरल्या भावाच्या हट्टामुळं आपण केंब्रिजला गेलो हे ते विसरले नसावेत. मुलींच्या शिक्षणाची नन्ही कली योजना याच ट्रस्टनं नंतर, १९९६ मध्ये सुरू केली. आनंद महिंद्रा हे के.सीं.चे नातू, मुलगा हरीश यांचे चिरंजीव.

१९६३ मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीबरोबर ट्रॅक्टरची कंपनी स्थापन झाली. मुंबईच्या कांदिवलीतून पुढं बी-२७५ ट्रॅक्टर निघाला. आपल्या भागातले जुने लोक अजून त्याला इंटरनॅशनलच म्हणतात. पण तो रानात चालताना बघायला के.सी. राहिले नाहीत. त्याच वर्षी, १९६३ मध्ये, ते वारले. अध्यक्षपद जे.सीं.चे चिरंजीव केशुब महिंद्रा यांच्याकडं गेलं आणि जवळपास पन्नास वर्षं राहिलं.

नंतरचं थोडक्यात. दोनच वर्षांनी, १९६५ च्या युद्धात, खेमकरणच्या उसाच्या फडात अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या तोफेनं पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फोडले. १९७१ ला लोंगेवालाच्या वाळूत मेजर चांदपुरींच्या तुकडीकडंही जीपवरची तोफ होती. पेट्रोलची जीप महाग पडायला लागली तेव्हा ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन तिला बसवलं गेलं, आणि मग ती खऱ्या अर्थानं खेड्यात परवडायला लागली. उंच बॉनेटची ती जुनी ठेवण विलिसनं सोडून दिल्यावरही आपल्याकडं कित्येक वर्षं चालू होती. २०१० मध्ये आलेल्या गाडीला कंपनीनं राजस्थानच्या वाळवंटाचं नाव दिलं, थार.

तिकडं अमेरिकेत युद्ध संपल्यावर लष्करानं विकलेल्या जीप लोकांनी हौसेनं वाळवंटात घातल्या. त्यातून शर्यती आल्या. १९६७ मध्ये मेक्सिकोच्या बाजा भागात टिहुआना ते ला पाझ अशी मोठी शर्यत सुरू झाली आणि ती जिंकली एका हलक्या फायबरच्या बग्गीनं, जिच्यात फोक्सवॅगनचं इंजिन होतं. साडेसत्तावीस तासांच्या वर लागले. म्हणजे वाळवंटात नुसती ताकद पुरत नाही, वजन कमी लागतं, हे पुन्हा सिद्ध झालं. त्या बाजा भागाचं नाव घेऊन इंजिनिअरिंगच्या मुलांची स्पर्धा निघाली. आपल्या देशात ती २००७ पासून भरते आणि महिंद्रा कंपनी तिच्यामागं पहिल्यापासून होती. इंदूरजवळच्या पिथमपूरला तिच्या शर्यती भरत आल्या आहेत.

बीड-आंबेजोगाईकडची जी पोरं पुण्या-संभाजीनगरला इंजिनिअरिंग करतात, त्यांच्या तोंडून बाजा हा शब्द घरच्यांनी ऐकला असेल आणि वाजंत्रीचा समजून सोडून दिला असेल. या स्पर्धेत एका माणसाची, पाइप वळवून केलेल्या सांगाड्याची गाडी मुलांनी स्वतः आखायची आणि स्वतः वेल्डिंग करून उभी करायची असते. इंजिन सगळ्यांना सारखं, त्याला हात लावायची परवानगी नाही. मग फरक पडतो तो गिअर, पाट्यांच्या जागी आलेले सस्पेन्शन आणि वजन यांत. शेवटच्या दिवशी दगड-मातीच्या वाटेवर चार तास गाडी पळवायची. बऱ्याच गाड्या पहिल्या तासातच बसतात. पोरं पाना घेऊन धावतात, मोडलेला जोड काढतात, दुसरा घालतात आणि गाडी परत आत सोडतात.